‘प्रमाण’ला शून्य गुण? संशोधन निकष समितीला एक खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सदस्य,
संशोधन निकष समिती

विषय: परिपत्रकातील ‘शून्य गुण’ हे कलम मागे घेण्याबाबत

सादर नमस्कार.

आपल्या समितीचं दीड पानी परिपत्रक गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये लागलं. पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता, कॅसची (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीमची) बढती आणि नव्या नेमणुकांची छाननी या तिन्ही ठिकाणी यापुढे फक्त क्यू-वन आणि क्यू-टू, म्हणजे उल्लेखांवरून लावलेल्या क्रमवारीतल्या वरच्या दोन चतुर्थांशांतल्या, नियतकालिकांतले पेपर धरले जातील, बाकी सगळ्यांना शून्य गुण, असं त्यात म्हटलं आहे. निकष मागच्या पाच वर्षांच्या पेपरांनाही लागू आहे. खाली प्रत्येक विषयासाठी चालणाऱ्या नियतकालिकांची यादी जोडली आहे. भौतिकशास्त्राची यादी मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. बंगळुरूच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं भौतिकशास्त्राचं नियतकालिक ‘प्रमाण’ त्यात नाही. कोलकात्याचं ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ही नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. दोन वर्षांनी निवृत्त होईन, त्यामुळे या परिपत्रकाने माझं स्वतःचं फारसं बिघडत नाही. पत्र लिहायला बसले ते माझ्या विद्यार्थिनीमुळे. ती तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी दोन तास इथे, दुपारी दोन तास पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात, आणि मधल्या वेळात आमच्या प्रयोगशाळेत. द्रव-स्फटिकांच्या (द्रवासारखे वाहणारे, तरी रेणूंची काही शिस्त राखणारे पदार्थ) मिश्रणांवर तिचं काम आहे. सूक्ष्मदर्शकाखालची गरम करायची बैठक आम्ही वर्कशॉपमधल्या मामांकडून करून घेतली. त्या कामाचा पेपर ‘प्रमाण’मध्ये आला तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. आपल्या परिपत्रकानुसार त्या पेपरची किंमत शून्य. ज्याने काहीच छापलं नाही त्याची जेवढी, तेवढीच.

आपला हेतू मला कळतो, आणि तो मान्यही आहे. पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या दुकानांनी गेल्या दहा-बारा वर्षांत जो उच्छाद मांडला, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्यांना आळा घालायला यूजीसीने विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी आणली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली आणि नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपवली. पारख म्हणजे वाचून बघणं, असा आमचा भाबडा समज होता. आपण बाहेरची एक क्रमवारी घेतली, तिचे चार तुकडे केले आणि खालचे दोन टाकून दिले. चोर पकडण्यासाठी अर्ध्या गावाला कुलूप लावण्यातला हा प्रकार आहे.

आता माझे आक्षेप सांगते.

पहिला आक्षेप हा की, ज्याला आपण शून्य देता आहात ते काय आहे, हे कुणी पाहिलेलं दिसत नाही. ‘प्रमाण’ जुलै १९७३ मध्ये सुरू झालं. अॅकॅडमी ते काढते, आणि इंडियन नॅशनल सायन्स अॅकॅडमी व इंडियन फिजिक्स असोसिएशन तिच्या सोबत आहेत. यातली असोसिएशन १९७० ची, आपल्या मुंबईतली. कुणा प्रकाशकाने नफ्यासाठी काढलेलं हे मासिक नव्हे. देशातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी आपल्या कामासाठी उभं केलेलं ते व्यासपीठ आहे. त्याची कक्षाही मुद्दाम रुंद ठेवली आहे. गुरुत्वाकर्षण, मूलकण, अणुकेंद्र, प्लाझ्मा, प्रकाशशास्त्र, घनपदार्थ, अरेषीय गतिकी, असं सगळं भौतिकशास्त्र एका छताखाली येतं. याचा क्रमवारीत तोटा होतो, कारण ज्या शाखेत माणसं जास्त तिथे एकमेकांचे उल्लेखही जास्त. बॅटरीच्या पदार्थांवर लिहिलेल्या पेपरला वर्षभरात जेवढे उल्लेख मिळतात, तेवढे सापेक्षतेतल्या एखाद्या समीकरणाला दहा वर्षांत मिळत नाहीत. सगळ्या शाखांना जागा देणाऱ्या नियतकालिकाची सरासरी त्यामुळे खाली येणारच.

त्याच्या जुन्या अंकांतलं एक उदाहरण देते. ते माझ्या विषयातलं आहे, तेव्हा थोडं रेंगाळले तर माफ करा.

नोव्हेंबर १९७७ चा अंक, खंड ९, पान ४७१ ते ४८०. लेखक शिवरामकृष्ण चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश. तिघेही बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमधले. द्रव-स्फटिक १८८८ पासून माहीत होते, पण ते बनतात लांबट, काडीसारख्या रेणूंचे, असाच अनुभव होता. या तिघांनी बेंझिनच्या कड्याभोवती सहा शेपट्या लावलेले चपटे रेणू घेतले आणि दाखवून दिलं की चकत्यांचाही द्रव-स्फटिक होतो. क्ष-किरणांनी रचना पाहिली तर चकत्या एकीवर एक रचलेल्या. भाकऱ्यांची चवड असते ना, तशी. अशा चवडी शेजारी शेजारी, मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी मांडणीत उभ्या. मात्र एका चवडीत दोन भाकऱ्यांमधलं अंतर ठरावीक नाही. म्हणजे दोन दिशांना स्फटिकाची शिस्त आणि तिसऱ्या दिशेला द्रवाचा मोकळेपणा. पदार्थाची ही एक नवीच अवस्था होती, आणि तिची पहिली नोंद या दहा पानांत आहे. पुढे त्यातून संशोधनाची एक आख्खी शाखा निघाली. १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने अशाच चकतीदार रेणूंचा पातळ थर असलेली फिल्म बाजारात आणली. एलसीडी पडद्याकडे बाजूने पाहिलं की चित्र फिकं पडायचं, ते तिच्यामुळे कमी झालं. आपल्या सभागृहातल्या पडद्यावर हे परिपत्रक दाखवलं गेलं असेल, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ते वाचता येण्याच्या इतिहासात ‘प्रमाण’च्या त्या अंकाचाही वाटा आहे.

हा पेपर आज कुणी आपल्याकडे आणला असता तर त्याला शून्य गुण मिळाले असते.

दुसरा आक्षेप मोजपट्टीबद्दल. अशा क्रमवारीमागे असतो तो इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाच्या उल्लेखांची सरासरी. ही कल्पना यूजीन गारफील्ड यांची. कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ग्रंथालयांना ठरवता यावं, हा तिचा एक मुख्य उपयोग. माणसांना गुण द्यायला ती बनवलेली नव्हती. हिशोब साधा आहे: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांचा या वर्षी किती ठिकाणी उल्लेख झाला, त्याला त्या पेपरांच्या संख्येने भागायचं. खिडकी दोन वर्षांचीच. १९७७ चा तो पेपर १९७८ आणि १९७९ च्या हिशोबात आला, नंतर खिडकी बंद. जगभरचे लोक आज जवळजवळ पन्नास वर्षांनीही त्याचा हवाला देतात, पण त्यातल्या एकाचीही भर ‘प्रमाण’च्या खात्यावर पडत नाही. आमच्या भागात आंब्याची कलमं लावतात, तिसऱ्या वर्षी मोहोर येतो. कोकमाला त्याहून जास्त थांबावं लागतं. दोन वर्षांत फळ नाही म्हणून कुणी बाग उपटत नाही.

नियतकालिकाची सरासरी हे तर त्यातल्या एका पेपरचं मोजमापही होत नाही. वर्गाची सरासरी बावन्न टक्के आहे म्हणून आपण प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर बावन्न लिहितो का? नियतकालिकांवर आधारलेले असले आकडे व्यक्तींच्या मूल्यमापनासाठी वापरू नका, हे सांगणारा जाहीरनामा डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तयार झाला आणि जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या. खुद्द यूजीसीची २०१८ ची नियमावली इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे गुण चढवत नेते, त्याबद्दलही माझी तक्रार आहे. पण तिनेसुद्धा तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या पेपरला शून्य दिलेलं नाही. तो मान आपल्या समितीचा.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. तो इथे कशाला, असं आपल्याला वाटेल. पण घरचं नियतकालिक नसलं की काय होतं हे आपण एकदा अनुभवलेलं आहे. १९२४ मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला निबंध थेट आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून ‘त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिक’मध्ये छापवून घेतला. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला तिच्यात नेहमी एक धोका दिसतो. ते पत्र टपालात हरवलं असतं तर?

दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ सुरू केलं. २८ फेब्रुवारी १९२८ ला विखुरलेल्या प्रकाशात त्यांना नवी रेषा दिसली. १६ मार्चला बंगळुरूला त्यांनी त्यावर भाषण दिलं, आणि ३१ मार्चला ते भाषण या जर्नलमध्ये छापून तयार होतं. प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना टपालाने गेल्या. ‘नेचर’कडेही त्यांनी छोटी टिपणं पाठवलीच होती, पण सविस्तर निबंध घरच्या जर्नलमध्ये आला. मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना त्याच सुमारास स्फटिकांमध्ये हाच परिणाम दिसला होता. त्यांचं टिपण जर्मनीत जुलैमध्ये छापून आलं. छापखाना आपल्या हाताशी असण्याचं मोल मी आणखी कसं समजावू? त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा पहिला पेपर आला, ताऱ्यांच्या अंतरंगाविषयी. त्याचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. रामनना १९३० साली नोबेल मिळालं, या मुलाला १९८३ साली.

आणि आपल्या मातीतला धागा हवा असेल तर तोही आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर बनारसला शिकवत होते. त्यांच्यासोबत काम करायला गेलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य या गुजराती तरुणाने किरणं बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण कसं मांडायचं याचं उत्तर शोधलं. ते १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आणि सविस्तर १९५१ मध्ये अॅकॅडमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापलं गेलं. वीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६३ नंतर क्वेसार, म्हणजे फार दूरचे पण प्रचंड तेजस्वी स्रोत, सापडले, आणि ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ते उत्तर सापेक्षतेच्या अभ्यासकांच्या रोजच्या वापरातलं झालं. आपल्या पाच वर्षांच्या मुदतीत वैद्यांना मार्गदर्शक म्हणूनही मान्यता मिळाली नसती.

चौथा आक्षेप परीक्षणाबद्दल, आणि हा सगळा घरचा अनुभव. माझ्या विद्यार्थिनीचा पेपर आम्ही आधी परदेशातल्या एका क्यू-वन नियतकालिकाला पाठवला होता. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, विषय पुरेसा व्यापक नाही म्हणून. कुणी वाचला होता की नाही कोण जाणे. मग ‘प्रमाण’ला पाठवला. चार महिने काही कळलं नाही, मी मनातल्या मनात चार शब्दही बोलले. नंतर दोन रेफरींचे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, अभिप्राय आले. त्यातल्या एकाने अडीच पानं लिहिली होती. आमचं अवस्थांतराचं तापमान जुन्या नोंदींशी जुळत नाही, थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) पुन्हा तपासा, असं त्याने म्हटलं होतं. राग आला. तपासलं. आमचंच चुकत होतं, ०.६ अंशाने. संपूर्ण मोजमापं पुन्हा घेतली, त्यात एक उन्हाळा गेला. कुठल्या गावच्या कोण मुलीचा पेपर, आणि तो ओळ न् ओळ वाचून कुणीतरी अनोळखी माणसाने तिला थर्मोकपल तपासायला लावलं. माझ्या लेखी नियतकालिक म्हणजे हे. लेखक म्हणून आम्हाला एक पैसा भरावा लागला नाही.

दुसरीकडे, आपल्या यादीतल्या अनेक नियतकालिकांत सगळ्यांना खुला पेपर छापायचा तर लेखकाने शुल्क भरायचं. दीड-दोन हजार डॉलर ही तिथली नेहमीची रक्कम. खुद्द ‘नेचर’ने २०२० च्या अखेरीस ९,५०० युरो जाहीर केले होते. तासिका तत्त्वावरच्या माणसाने हे पैसे आणायचे कुठून? वाचण्यासाठीही देश पैसे मोजतोच आहे. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत. ती योजना चांगली आहे, आमच्यासारख्यांना तिचा उपयोगच होईल. पण वाचायलाही पैसे, छापायलाही पैसे, आणि जिथे छापणं मोफत आहे तिथे छापलं तर शून्य गुण, हे गणित मला सुटत नाही.

‘प्रमाण’ निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. उत्तरं उशिरा येतात. परिषदांचे विशेषांक काही वेळा पोकळ असतात. वितरणासाठी जर्मन प्रकाशकाचा हात धरावा लागला, हेही मला खटकतं (जुने अंक अॅकॅडमीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, हे त्यातल्या त्यात समाधान). सगळ्यात मोठा दोष आमच्याच लोकांचा. मोठ्या संस्थांतले नामवंत आपला चांगला पेपर परदेशी पाठवतात, उरलेला घरी देतात आणि मग घरच्या नियतकालिकाचा दर्जा घसरल्याची हळहळ करतात. आपल्या परिपत्रकाने ही सवय आता नियम होईल. चांगलं काही पाठवायचं नाही, म्हणून क्रमांक खाली. क्रमांक खाली, म्हणून पाठवायचं नाही.

तरीही काही कामं तिथेच आली, कारण ती इथली होती. कोलारच्या सोन्याच्या खाणीत जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी कण टिपणारी उपकरणं लावली होती. तिथे नोंदल्या गेलेल्या काही विचित्र घटना १९७५ मध्ये ‘प्रमाण’मध्येही आल्या. त्यांचा उलगडा होईना, तेव्हा २०१४ मध्ये भारतीय सिद्धांतकारांनी पुन्हा ‘प्रमाण’मध्येच विचारलं, हे कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, तर नसेल? चाळीस वर्षं एकच प्रश्न एकाच नियतकालिकात जागा ठेवला गेला. पोखरणच्या १९७४ च्या चाचणीत खडकाचं नेमकं काय झालं, याचा ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेला निबंधही १९८५ चा, ‘प्रमाण’चाच. त्या चाचणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, तो निबंध वाचायचा तर हाच अंक काढावा लागतो.

नावाबद्दल एक गोष्ट. न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. भौतिकशास्त्र पहिल्या दोघांवर चालतं, म्हणजे डोळ्यांनी पाहायचं आणि त्यावरून तर्क करायचा. आपल्या समितीने पेपर पाहिला नाही, तर्कही केला नाही, फक्त परक्या यादीचा शब्द प्रमाण मानला.

माझ्या मागण्या अशा:

१. क्यू-वन व क्यू-टूबाहेरच्या पेपरांना सरसकट शून्य गुण देणारं कलम मागे घ्यावं.

२. राष्ट्रीय विज्ञान अकादमी व मान्यवर वैज्ञानिक संस्था चालवत असलेली, रेफरींकडून तपासून घेणारी भारतीय नियतकालिकं यादीत घ्यावीत. हे फक्त भौतिकशास्त्रापुरतं नको, सगळ्या विज्ञानशाखांना लागू असावं.

३. उमेदवाराने आपले उत्तम तीन पेपर द्यावेत आणि त्या विषयातल्या दोन जाणकारांनी ते वाचून लेखी मत द्यावं. वेळ लागेल, मान्य आहे. आमच्या पेपरला त्या अनोळखी रेफरीने दिला, तेवढा वेळ आपणही द्यावा.

४. परिपत्रकाच्या तारखेआधी छापलेल्या किंवा पाठवलेल्या पेपरांना नवा निकष लावू नये. खेळ संपल्यावर नियम बदलू नयेत.

५. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीआधी या पत्राला लेखी उत्तर मिळावं.

बैठकीला मला दहा मिनिटं दिलीत तर मी येईन. सोबत १९७७ च्या त्या पेपरच्या प्रती आणेन, प्रत्येक सदस्याला एक. दहाच पानं आहेत, चहा येईपर्यंत वाचून होतील. माझी विद्यार्थिनी मात्र येऊ शकणार नाही. तिचे दुपारचे दोन तास पंचवीस किलोमीटरवर असतात, आणि ते बुडवले तर त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत.

आपली नम्र,
तालुक्यातल्या एका कॉलेजातील भौतिकशास्त्राची प्राध्यापिका